चेहरा अस्पष्ट

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा फोटोवालीच्या हातात सदुसष्ट चेहरे होते. सगळे ओळखपत्राच्या मापाचे, सगळ्यांचे ओठ मिटलेले, सगळ्यांमागे पांढरी भिंत. दुपारी एकच्या आत ते पाकीट नोंदणी कार्यालयाच्या खिडकी नंबर चारवर पोहोचवायचं होतं आणि नेमकं आजच हे मेलं दुखणं! तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, दार बडवलं, वॉचमनचा यथेच्छ उद्धार केला.

"ओरडू नका," वरून शांत आवाज आला. "हवा पुरवून वापरा."

"कोण आहे?"

"लिफ्टवाला."

"मग चालवा की लिफ्ट!"

"चालणारी असती तर मला कशाला बोलावलं असतं?"

छताजवळच्या फटीतून एक हात आत आला. ग्रीसनं माखलेला, पण नखं अगदी स्वच्छ. "या, धरा. घाबरू नका."

"घाबरतंय कोण? पण आधी तोंड दाखवा. न बघितलेल्या माणसाच्या हातात मी हात देत नाही."

मग टॉर्च उलटा फिरला आणि त्याच्या उजेडात एक चेहरा दिसला. काळाभोर, घामेजलेला, डाव्या भुवईशी भाजल्याचा लहानसा डाग, आणि ओठांवर यायच्या बेतात असलेलं हसू...

"दिसला?" त्यानं विचारलं. "खरं सांगा हं. कारण सरकारला दिसत नाही."

तिनं हात दिला.

वर आल्यावर त्यानं खिशातून तीन फोटो काढून तिच्यापुढे धरले. तीन वेगवेगळ्या दुकानांतले, आणि तिन्हींवर तोच लाल शिक्का - चेहरा अस्पष्ट.

त्या वर्षी एक फर्मान निघालं होतं. गावात राहणाऱ्या प्रत्येकानं आपण इथलेच आहोत हे नव्यानं नोंदवायचं. जन्म इथला असो, शाळा इथली असो, आई इथल्याच मातीत पुरलेली असो, पुन्हा अर्ज करायचा, फोटो लावायचा, खिडकी नंबर चारवर उभं राहायचं. कार्ड मिळालं नाही तर यादीतून नाव गेलं. नाव गेलं की कामाचा परवाना गेला, भाड्याचं घर गेलं, मत गेलं. मुदत संपायला सतरा दिवस उरले होते.

"मी तीन गल्ल्या पलीकडे जन्मलोय," लिफ्टवाला म्हणाला. "आणि गंमत ऐका. त्याच कार्यालयाची लिफ्ट दर महिन्याला मीच तपासतो. साहेबलोक माझ्या भरवशावर सात मजले चढतात. तेव्हा माझा चेहरा अगदी स्पष्ट असतो."

तो हसत हसत सांगत होता. पण फोटो धरलेली बोटं हसत नव्हती, हे तिनं पाहिलं.

"चला," ती म्हणाली. "माझ्या बाबांचा स्टुडिओ तिसऱ्याच मजल्यावर आहे. मान्यताप्राप्त आहोत आम्ही, दारावर सरकारी पाटी आहे. आमचा फोटो आजवर एकदाही परत आलेला नाही."

हे ती मोठ्या दिमाखात म्हणाली. पुढे कित्येक दिवस ते वाक्य आठवलं की तिला स्वतःचे कान उपटावेसे वाटायचे.

*

"हसू नका."

"मी कुठे हसतोय?"

"डोळ्यांनी हसताय. तेही चालत नाही."

"मग डोळे काढून बाजूला ठेवू का?"

फोटोवालीनं कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढली आणि त्याच्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला. तो फसला. स्टुलावर तो शाळेतल्या मुलासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. बाबांनी बावीस वर्षांपूर्वी जमिनीवर काळ्या टेपच्या दोन फुल्या मारल्या होत्या. एका फुलीवर छत्रीचा दिवा, दुसरीवर स्टूल. त्या फुल्यांवरून ना कधी दिवा हलला ना स्टूल.

"तुम्ही मला हसवताय," तो म्हणाला.

"मी? मी तर गप्प उभी आहे."

"तेच. एवढा वेळ कुणी गप्प उभं राहून माझ्याकडे बघितलेलं नाही."

तिनं घाईघाईनं बटण दाबलं. गाल उगीचच तापले होते. अर्थात, दिवा जवळ होता म्हणूनच...

तो गेल्यावर तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि रोजच्या सवयीनं उजेडाची पट्टी ओढली. हे बाबांनी शिकवलेलं. माणूस काळा असेल तर पट्टी बेचाळीसवर न्यायची, सावळा असेल तर तीसवर. मग खिडकी कुरकुर करत नाही. फोटोवालीला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट आपण लोकांचं भलंच करतोय, बिचाऱ्यांचे हेलपाटे वाचवतोय, असंच ती समजत आली होती. तिनं पट्टी बेचाळीसवर नेली. भुवईचा डाग उजेडात विरघळून गेला. फोटो पाकिटात गेला आणि खिडकी नंबर चारनं तो पहिल्याच खेपेला स्वीकारला.

चौथ्या दिवशी तो परत आला. सरळ आरशापुढे गेला, तिनं काढलेला फोटो स्वतःच्या गालाशी धरला आणि आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"हा कोण?"

"म्हणजे?"

"कार्ड घ्यायला बोलावलं म्हणून गेलो. खिडकीवरच्या बाईंनी फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, असा. म्हणाल्या, हा माणूस तुम्ही नाही. दुसऱ्याचा फोटो लावलाय. फसवणुकीची केस झालीये माझ्यावर. पुढच्या बुधवारी सुनावणी आहे." त्याचा आवाज अजूनही चढला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "आधी मी नुसता अस्पष्ट होतो, बाई. आता चोर झालो."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मी... अहो, मी तर तुमचं काम व्हावं म्हणून..."

"ते कळलं मला. म्हणून तर ओरडत नाहीये." तो फोटो काउंटरवर ठेवून दाराशी गेला. "पण एक सांगू? लिफ्टमध्ये टॉर्च लावला तेव्हा तुम्ही मला नीट पाहिलं होतं. मला वाटलं होतं... जाऊ द्या. काय वाटलं होतं ते राहू द्या."

तो गेला आणि मशीनच्या तेलाचा आणि साबणाचा वास तेवढा मागे राहिला.

*

त्या दिवशी तिनं दुकानाचं दार आतून लावलं आणि जुने फोटो उघडले. बाबांची आणखी एक शिस्त होती. मूळ फोटो कधी पुसायचा नाही. उजळलेला वेगळा, मूळ वेगळा, नावापुढे पट्टीचा आकडा. ती मोजत गेली. बेचाळीस, तीस, बेचाळीस, छत्तीस... चार वर्षांत दोन हजार तीनशे बारा चेहरे. त्यांतला कुणीही उद्या खिडकीपुढे उभा राहिला तर तोही चोर! आधी म्हणायचं तू दिसत नाहीस, मग दिसण्यासाठी काही केलं तर म्हणायचं हा तू नाहीसच. म्हणजे माणसानं जायचं तरी कुठे? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग यादीच्या तळाशी तिला दोन ओळखीची नावं दिसली. एक बाबांचं. पुढे आकडा, चौतीस.

दुसरं तिचं स्वतःचं. अठ्ठावीस.

ती बघतच राहिली. मूळ फोटोतली ती होती आरशात रोज दिसणारी. कार्डावरची कुणी दुसरीच, गव्हाळ, गुळगुळीत, बापाच्या हातून पुसून काढलेली.

"बाबा!"

बाबा आतल्या खोलीतून आले, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. 

"अगं, एका पेटीनिशी आलो होतो मी या गावात," ते म्हणाले. "ज्या मालकाकडे शिकलो त्यानंच फुल्या मारायला शिकवलं. आपण कुणाच्या अध्यातमध्यात नाही, मान खाली घालून राहिलो, म्हणून टिकलो."

"मान खाली घातलेला फोटो खिडकीवर चालत नाही, बाबा. तुम्हीच रोज सांगता लोकांना, मान सरळ ठेवा."

"शब्दात पकडू नकोस मला."

"मग कशात पकडू? माझाच चेहरा बदललात आणि मला विचारलंसुद्धा नाहीत! मी सुनावणीला जाणार आहे. हे सगळे मूळ फोटो घेऊन. सांगणार, हे मी केलं, त्यानं नाही."

"पाटी जाईल दारावरची. वेडी झालीस का? कोण लागतो तो आपला?"

बाबांनी विचारलं ते रास्तच होतं आणि उत्तर तिला अजून स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं.

*

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर चाळीसेक माणसं आधीपासूनच बसून होती. त्यांच्या म्होरक्या होत्या एक निवृत्त नर्स. अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. बारीक लांबट डोळे, कडक इस्त्रीचे कपडे आणि जिभेला धार. दुसऱ्या दुकानात काढलेल्या त्यांच्या नव्या फोटोवरचा शिक्का होता - डोळे मिटलेले.

"चाळीस वर्षं याच डोळ्यांनी यांच्या शिरा शोधून सुया टोचल्या," सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "तेव्हा उघडे होते वाटतं?"

पायऱ्यांवर कुणाचे केस लोकरीसारखे कुरळे, कुणाची भाषा गाण्यासारखी हेल काढणारी, कुणाच्या आजोबांनी हाच रस्ता बांधताना खडी फोडलेली. एरवी एकमेकांच्या दारासमोरून मुकाट्यानं जाणारी ही माणसं आता एका सतरंजीवर बसून एकाच थर्मासमधला चहा पीत होती. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, लिफ्टवाला.

फोटोवाली आली ती दोन्ही हातांत गठ्ठे घेऊनच. रात्रंदिवस एक करून तिनं मूळ फोटो छापले होते, छातीभर मोठे. मागे पेन्सिलीनं नंबर, समोर चेहरा, जसा आहे तसा. जो जो ओळखीचा दिसला त्याच्या हातात तिनं त्याचा फोटो दिला आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "चूक माझी होती. माफ करा."

काहींनी तोंड फिरवलं. एक बाई फाडफाड बोलली. तिनं ऐकून घेतलं. सिस्टरनी मात्र आपला जुना फोटो हातभर लांब धरून पाहिला. "बघा! चांगले टपोरे आहेत की डोळे!"

लिफ्टवाल्याचा फोटो तिच्याकडे नव्हता.

"माझा?" त्यानं विचारलं.

"तुमचा मूळ फोटोही वाईट आहे," ती म्हणाली. "खरंच वाईट. नुसतं काळं. डाग जेमतेम दिसतो, गाल दिसत नाहीत. पट्टी ओढण्याच्या आधीच मी चुकले होते. पुन्हा काढायचाय. याल?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "या वेळी तोंड माझंच येईल ना?"

"नाही आलं तर दुसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवा मला."

"हे मात्र मला कबूल आहे," तो म्हणाला, आणि ते अडलेलं हसू एकदाचं बाहेर आलं.

*

स्टुडिओत तिनं आधी टेपच्या फुल्या उपटल्या. बावीस वर्षांची टेप, नखं दुखली तेव्हा निघाली. बाबा दारात उभे राहून बघत होते.

मग तिनं दिवा हलवला. पुढे, मागे, खाली, पुन्हा वर. छत्री काढली, लावली. पांढरा पुठ्ठा त्याच्या गालाच्या बाजूला धरून पाहिला. बाबांना फुल्या शिकवणाऱ्या मालकानं दिव्याची ती जागा त्याच्यासारख्याच गोऱ्या चेहऱ्यांसाठी ठरवली होती. बाकीचे सगळे त्यात येऊन बुडत होते आणि खापर मात्र चेहऱ्यावर फुटत होतं. इतकी साधी गोष्ट, आणि चार वर्षांत आपल्या डोक्यात आली नाही! रागानं तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही. हलू नका."

"रडताय?"

"दिवा लागतोय डोळ्यांना. मान सरळ."

तासभर गेला. हळूहळू तो दिसू लागला. गालाच्या हाडावर तांबूस झाक होती. भुवईचा डाग - लिफ्टच्या मोटरीनं दिलेला, त्यानं सांगितलं. हसण्याच्या आधी उजवी पापणी किंचित थरथरते. खालच्या ओठावर मधोमध एक बारीक रेघ. बाहेर संध्याकाळचा वारा खिडकीच्या काचा वाजवत होता आणि आत ती एका माणसाला इंचाइंचानं शोधत होती.

"सापडलो का?" त्यानं हळूच विचारलं.

"जवळजवळ..."

"घाई नाही मला."

बाबा पुढे आले. पुठ्ठा तिच्या हातातून घेतला आणि थोडा खाली, हनुवटीशी धरला. "असा धर," ते खरखरीत आवाजात म्हणाले. "डोळ्यांत चमक येईल." आणि आली.

*

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर घड्याळआजोबा उगवले. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे, पांढरेफटक, निळ्या डोळ्यांचे, चाळिसाव्या वर्षी बोटीनं आलेले. अजून बायकोला 'तो' म्हणायचे आणि टेबलाला 'ती'. त्यांचा फोटो मागच्या कार्डाच्या वेळी एका खेपेत पास झाला होता.

"मला लाज येते," ते फोटोवालीला म्हणाले. "हा पोरगा इथे जन्मला, मी नाही. मला कुणी विचारला नाही. उद्या माझी जुनी कार्ड बदलायची आहे. तू माझी फोटो काळी कर. किती म्हणतेस तू? बेचाळीस? मला बेचाळीस खाली ने!"

तिनं नेली. फोटोत आजोबांचं नाकसुद्धा ओळखू येईना. तो फोटो घेऊन आजोबा खिडकी नंबर चारवर गेले. तिथल्या बाईंनी आजोबांकडे पाहिलं, गोड हसल्या, "बसा ना आजोबा, उभे कशाला," म्हणाल्या आणि फोटोकडे न बघता शिक्का मारला.

आजोबा कार्ड नाचवत बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर आधी हशा पिकला. मग तो हळूहळू ओसरला. सगळ्यांना इतके दिवस सांगितलं होतं की दोष फोटोचा आहे. दोष फोटोचा नव्हताच! काचेपलीकडचे डोळे माणूस बघून आधीच काय ते ठरवून बसत होते, आणि आपण मात्र घरी जाऊन आरशात तोंड न्याहाळत होतो.

"उद्या सुनावणीला हे कार्ड मी आणतो," आजोबा म्हणाले.

*

सुनावणीची खोली सातव्या मजल्यावर होती. लिफ्टनंच गेले सगळे. साहेबही.

फोटोवालीनं मूळ फोटो टेबलावर मांडले, उजळलेले शेजारी मांडले. "हे मी केलं," ती म्हणाली. "दोन हजार तीनशे बारा वेळा. माझ्या स्वतःच्या फोटोलाही लागलंय ते. फसवणूक असेलच तर ती यांची नाही. पट्टी ओढल्याशिवाय तुमची खिडकी माणसाला माणूस म्हणत नव्हती, म्हणून आम्ही ओढत आलो." मग आजोबांनी आपलं काळंकुट्ट कार्ड पुढे सरकवलं. साहेबांनी ते पाहिलं, आजोबांना पाहिलं आणि पाणी मागवलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण नियमानुसार अर्जदाराचा चेहरा ओळखणारा साक्षीदार हवा. ओळखीच्या खुणा सांगाव्या लागतील. त्यांच्याकडे न बघता."

"मी सांगते."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"डाव्या भुवईच्या टोकाला भाजल्याचा डाग. तांदळाच्या दाण्याएवढा, तिरका. खालच्या ओठावर मधोमध रेघ. उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा जरा जाड. राग आला की आवाज चढत नाही, खाली उतरतो. हसायच्या आधी उजवी पापणी थरथरते, म्हणजे हसू येणार हे एक क्षण आधी कळतं, आणि त्या एका क्षणात... त्या एका क्षणात बघणाऱ्याला वाटतं, हे हसू आपल्यासाठी असावं." ती भिंतीकडेच बघत पुढे म्हणाली, "हाताला ग्रीस असतं, नखं स्वच्छ असतात. आणि हा चेहरा अस्पष्ट नाही, साहेब. अंधाऱ्या लिफ्टमध्ये एका टॉर्चच्या उजेडात मला तो स्पष्ट दिसला होता. तुम्हाला सात मजल्यांवर ट्यूबलाइट असून दिसत नाही, तर तपासायचे कुणाचे डोळे?"

बाहेरच्या व्हरांड्यात सिस्टर नाक शिंकरत होत्या.

साहेबांनी खाकरून पेन उचललं. "साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं?"

ती वळली. लिफ्टवाल्याचे डोळे भरलेले होते आणि पापणी थरथरत होती.

"ते... रिकामं ठेवा," ती म्हणाली. "यांनी अजून विचारलेलं नाही."

"विचारणार आहे!" तो घाईनं म्हणाला. "पण शिक्का पडल्यावर. नाहीतर उद्या हेच लोक म्हणतील, कार्डासाठी पोरगी पटवली."

साहेबांनी केस रद्द केली. वर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आत्ताच मागच्या दारानं खाली चारवर जा. तुमचं एकट्याचं करून टाकतो. गाजावाजा नको."

लिफ्टवाल्यानं अर्ज उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "एकट्याचं नको," तो म्हणाला. "मी पुढच्या दारानं आलो होतो."

आणि तो खाली जाऊन पायरीवर बसला. फोटोवाली त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे माझं लग्न आता सहाशे माणसांच्या शिक्क्यांवर अडलं?"

"सहाशे चौदा," अडलेल्या सगळ्यांची यादी ठेवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. "बस खाली. चहा घे."

*

सात दिवस ते बसले. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओवरची सरकारी पाटी उतरवायला माणूस आला. त्याला उंच स्टूल बाबांनीच दिलं. पाटीची जागा भिंतीवर पांढरी राहिली, तिथे बाबांनी स्वतःचा मूळ फोटो टांगला, छातीभर मोठा. त्या संध्याकाळी ते कॅमेरा घेऊन पायऱ्यांवर आले आणि मान सरळ ठेवून सतरंजीवर बसले. रोज माणसं वाढत होती. ज्यांची कार्डं झाली होती तीही येऊन बसू लागली, शाळेतल्या बाई आल्या, बेकरीवाले आले. प्रत्येकाच्या छातीवर कुणाचा तरी चेहरा होता, आणि पुढे पुढे तर लोक एकमेकांचे चेहरे धरून बसू लागले. आजोबांच्या हातात सिस्टर, सिस्टरच्या हातात आजोबा.

शेवटच्या दिवशी सकाळी आदेश निघाला. फोटो जसा आहे तसा स्वीकारावा. सर्व केसेस मागे. आज पाचपर्यंत रांगेत असलेल्या प्रत्येकाला शिक्का मिळेल, पाचला खिडकी बंद.

मोठे उपकारच म्हणायचे! आपलंच गाव आपल्याला परत दिल्याचे.

आणि हा शहाणा रांगेत शेवटी उभा राहिला. म्हाताऱ्यांना पुढे सोड, लेकुरवाळ्यांना पुढे सोड. फोटोवालीचा जीव वरखाली होत होता. चार वाजले. साडेचार. पावणेपाच.

"तुम्ही मुद्दाम करताय," ती दात ओठ खात म्हणाली.

"दुसऱ्यांच्या लिफ्ट आधी दुरुस्त करायची सवय आहे हो..."

पाचला चार मिनिटं असताना तो काचेपुढे पोहोचला. खिडकीच्या बाईंनी फोटो उचलला. या वेळी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. त्या जरा लाल झाल्या. शिक्का शाईवर टेकवला आणि थांबल्या.

"साक्षीदाराचं नातं रिकामं आहे. भरल्याशिवाय शिक्का मारता येणार नाही."

"शिक्का मारल्याशिवाय मी विचारू शकत नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"काय विचारू शकत नाही?"

"ते तुम्हाला नाही, यांना विचारायचंय."

"अहो, दोन मिनिटं उरलीत!"

मागे शिक्के मिळालेली सहाशे माणसं घरी न जाता उभी होती. आजोबा आपल्या घड्याळाकडे बघून मान हलवत होते. लिफ्टवाल्यानं फोटोवालीकडे पाहिलं. जन्मभर कुणाचे उपकार न घेतलेला माणूस तो, आपल्या शब्दात स्वतःच अडकून बसला होता, ना वर ना खाली.

फोटोवालीनं काचेखालून हात घातला आणि बाईंच्या पुढचं पेन आणि त्याचा अर्ज ओढून घेतला.

"तू विचारणार नाहीस म्हणालास," ती म्हणाली. तिनं त्याला अरे-तुरे केल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "मी कुठे म्हणाले? हात दे."

"आधी तोंड दाखव," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. त्याची उजवी पापणी थरथरत होती.

मग तिनं त्या रिकाम्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं - होणारी बायको. कागद काचेखालून आत सरकवला.

बाईंनी वाचलं आणि शिक्का मारला.